चुलीतल्या कोळशाचं वय

मामंजी, तुम्ही गेल्यापासून या घरात माझ्याशी भांडायला कुणी उरलेलं नाही. तुमचे चिरंजीव साखर कारखान्यातून दमून येतात, मी काही म्हटलं की "तू म्हणतेस तसंच" म्हणतात आणि ताटावर बसतात. असल्या माणसाशी काय भांडायचं? तुम्ही निदान हातातला घास खाली ठेवून भांडायचात. सासरा आणि सून एवढ्या मोठ्यानं बोलतात म्हणून गल्लीतल्या बायका आधी घाबरायच्या, मग मुद्दाम ऐकायला यायला लागल्या. आता त्याच बायका पदर तोंडाला लावून ओट्यावर बसतात, आणि मला उगीचच त्यांचा राग येतो.

पुरुषमाणसं येतात ती तुमच्या बैलपारखीचं सांगतात. घोडेगावच्या बाजारात पाटलांनी बैलाचे ओठ वर केले की व्यापाऱ्याचं तोंड आपोआप बंद व्हायचं, वगैरे. मी मान हलवते, चहा आणून देते. खरं आहे ते. पण शेवटची दोन वर्षं या माणसाला बैलाच्या दातांपेक्षा एका कोळशाच्या वयाची जास्त काळजी होती, हे त्यांना कुठून माहीत असणार.

काल पुण्याचे सर येऊन गेले. टेकाडावर खोदाई करणारे आपले सर. तुमची बातमी त्यांना फाट्यावर एस.टी.तून उतरल्यावर कळली. ते ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "बाई, दुसऱ्या कोळशाचा निकाल आला आहे. पाटलांना स्वतः सांगावा म्हणून आलो होतो." त्यांच्या दृष्टीनं तो पुस्तकात छापायचा आकडा. तुमच्या दृष्टीनं तो गोदीचा प्रश्न होता. तुमची दीड वर्षाची लेक तुमच्या पापानं गेली की तापानं गेली, एवढंच तुम्हाला त्या कोळशाकडून हवं होतं. हे घरात मला एकटीलाच माहीत होतं. म्हणून आज सगळं पहिल्यापासून सांगते, माझ्या पद्धतीनं. पहिल्यांदाच तुम्हाला मधे बोलता येणार नाही.

सर पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही त्यांना दारातून परत पाठवलं होतंत. आपल्या वावराच्या कडेला, प्रवरेच्या अंगाला ते पांढरीचं टेकाड. कोण जाणे कधी राहून गेलेल्या माणसांच्या वस्तीची राखट, भुसभुशीत माती. सगळं गाव ती गाड्या भरभरून नेतं, कुणी शेतात टाकतं, कुणी धाब्याच्या घरावर पसरतं. गावानं टेकाड निम्मं खाल्लं तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, आणि कुंचे नि खुरपी घेऊन आलेल्या चार शिकलेल्या माणसांना मात्र "न्हाई म्हंजी न्हाई." मला काही केल्या कळेना. मी आठ दिवस तुमचं डोकं खाल्लं. गाव फुकट नेतं ते चालतं, आणि हे लोक मोजून-मापून काढणार, जपून ठेवणार, ते चालत नाही, हा कुठला न्याय? शेवटी तुम्ही म्हणालात, "खांदू दे बाबा. न्हाईतर ही मला खांदून ठिवंल." त्या विजयाचं श्रेय मी बरेच दिवस मिरवलं. तुम्ही 'नाही' का म्हणत होता हे तेव्हा मला ठाऊक असतं तर मी एक शब्द बोलले नसते.

एक मात्र कबूल करते. तुमच्याशी असं तोंड वर करून बोलायची सवय मला तुम्हीच लावलीत. नगरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली सून आणली म्हणून भावकी हसली, आणि मी नोकरी करणार म्हटल्यावर तर रुसली. तुम्ही म्हणालात, "शिकवलीय तर शिकवू द्या की लेकाहो." शाळेच्या पहिल्या दिवशी मला बैलगाडीतून सोडायला आलात ते शाळा सुटेपर्यंत लिंबाखाली बसून राहिलात. का, तर हेडमास्तर मला बसायला खुर्ची देतो की नाही ते बघायला. दिली खुर्ची. न देऊन सांगतो कुणाला? तुमच्या मिशा खिडकीतून दिसत होत्या.

सर आले त्या वर्षी दिवाळीनंतर तुम्ही घोडेगावहून खिलारी बैल आणलात. अंगणात त्याचं तोंड उघडून मला दाखवत होता, हा बघ, चारदाती. दोनदाती म्हणून मला कुणी गळ्यात मारणार नाही आणि सगळे दात येऊन जुळलेला म्हणून कुणी स्वस्तात मागणार नाही. मी फुशारकीनं म्हणाले, हे काहीच नाही, आमचे सर कोळशाचं वय सांगतात.

"कोळशाला दात असत्यात व्हय, सूनबाई?"

खुश असलात की सूनबाई, चिडलात की मास्तरीणबाई. मी तिथंच सांगायला लागले. हवेत एका वेगळ्या जातीचा कार्बन असतो, अगदी किंचित. झाड जिवंत असेपर्यंत पानांवाटे तो आत घेत राहतं. आतला थोडा थोडा विझत असतो, पण नवा येत असतो, म्हणून शिल्लक कायम राहते. झाड तोडलं की आवक बंद. मग आत होता तो नुसता विझत जातो. पावणेसहा हजार वर्षांत, जरा कमीच, निम्मा होतो. पुढच्या तेवढ्याच वर्षांत उरलेल्यातला निम्मा. किती उरलाय ते मुंबईच्या प्रयोगशाळेत यंत्रावर मोजायचं, म्हणजे झाड कधी तोडलं ते कळतं.

तुम्ही विचार केलात. "म्हंजी कनगी भरायची बंद केली, अन् खानारी तोंडं चालूच."

"जवळजवळ तसंच."

"मग कनगीत पयल्यांदा किती हुतं ते कोन बघाय गेल्तं?"

नववीच्या वर्गात इतकी वर्षं शिकवते, पण एका पोरानं हा प्रश्न विचारलेला नाही. मी आनंदानं सांगितलं की सगळ्या जित्या झाडांत ते प्रमाण सारखंच असतं, आजच्या बाभळीत बघायचं म्हणजे तेव्हाच्या बाभळीचं कळतं. तुम्हाला पटलं. पण लगेच दुसरा प्रश्न आला, आणि तो मात्र आपल्या दोघांत शेवटपर्यंत राहिला.

"निम्मं जातं म्हनतीस. पन कुनचं निम्मं?"

मी म्हणाले, ते कुणालाच सांगता येत नाही. एक कण घेतला तर तो आत्ता विझेल की दहा हजार वर्षांनी, काही सांगता येत नाही. पुष्कळ कण एकत्र असले की त्यातले निम्मे कधी जातील हे मात्र पक्कं.

"येका लाकडातलं, येका चुलीतलं. ह्यो गेला अन् शेजारचा ऱ्हायला. कशापायी?"

"कशापायी असं काही नाही, मामंजी. त्याला कारण नसतं."

तुम्ही बैलाचं तोंड सोडून दिलंत. "कारनाबिगर ह्या जगात कायबी जात न्हाई, मास्तरीनबाई."

किती भांडलो आपण यावरून. जेवताना, गाडीत, शेंगा फोडताना. तुम्ही तुमच्या ओळखीतली एकेक मेलेली माणसं काढायचात आणि प्रत्येकाचं कारण सांगायचात. हा दारूनं गेला, तो भावाच्या धास्तीनं गेला, ती बाळंतपणात गेली. मी म्हणायचे, माणसाचं वेगळं, कणाचं वेगळं. तुम्ही म्हणायचात, "जानं ते जानंच." मला वाटायचं म्हातारा हट्टाला पेटलाय. तुम्ही माझ्याशी नाही, स्वतःशीच भांडत होता, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या हंगामाच्या शेवटी, उन्हं तापायला लागली होती तेव्हा, सरांना एका घराची जमीन लागली. चोपून गुळगुळीत केलेली, कडेला मातीची चूल. शाळा सुटल्यावर मी तिकडं आले तेव्हा तुम्ही खड्ड्याच्या काठावर उभे होता. सरांनी जमिनीचा एक तुकडा काढून कुंच्यानं माती झाडली आणि दोन मडकी दिसली. आडवी निजवलेली, तोंडाला तोंड लावलेली. आत लहान मुलाची हाडं आणि शेजारी तोटी असलेलं एक छोटं भांडं. चुलीपासून हातभरावर. सर हळू आवाजात म्हणाले की ही माणसं लहान लेकरं गेली की अशी घरातच, पायाखालच्या जमिनीत पुरत. मजूर बायकांनी हात जोडले. तुम्ही डोक्यावरचा पटका काढलात आणि घरी निघून गेलात. त्या दिवशी जेवला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांना म्हणालात, ते तिथंच राहू द्या. सरांनी समजावलं की उघड्यावर टिकणार नाही. मडकी पेंढ्यात घालून पुण्याला गेली. पावसाळा जवळ आला म्हणून खोदाई थांबली, आणि चुलीतला कोळसा काढायचा राहिला. चुलीवर पत्रा टाकून, दगड ठेवून सर गेले.

पुढचा हंगाम दुष्काळाचा. गावातली अर्धी माणसं सरकारी कामावर खडी फोडायला आणि उरलेली सरांच्या खोदाईवर. त्या हंगामात चुलीतला कोळसा काढला. केवढे सोपस्कार. हात लावायचा नाही, चिमट्यानं उचलायचा, कापसात ठेवायचा नाही, जुन्या कागदात बांधायचा नाही, चांदीसारख्या पत्र्याच्या कागदात गुंडाळायचा. तुम्ही सगळं टक लावून बघत होता. मग महिनोन् महिने रोज विचारायचात, "आलं का मुंबईचं?" मी म्हणायचे, मडकं बघून माणूस चुकेल, कोळसा चुकत नाही, जरा धीर धरा.

आणि आकडा आला तो चारशे वर्षांचा.

सर संतापले होते. असली रंगवलेली भांडी काढणारी माणसं चारशे वर्षांपूर्वी होती म्हणणं म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात आगगाडी होती म्हणण्यासारखं आहे, कोळशात काहीतरी भेसळ झाली असणार, असं ते मला सांगत होते. तुम्ही मागं उभे राहून ऐकत होता. भेसळ तुम्हाला ऐकू आलीच नाही. तुम्ही फक्त चारशे ऐकलंत. आपलं घराणं या गावात येऊन चार-पाचशे वर्षं झाली, असं पाहुण्यांना तुम्हीच तर सांगायचात. तुमचा चेहरा असा झाला की मी सरांचं बोलणं अर्ध्यावर सोडलं.

सर आणि मी तसेच चुलीकडं गेलो. पत्रा काढला. मी गुडघे टेकून वाकले आणि बघितलं, तर चुलीभोवती वाळलेल्या शेणाच्या पापड्या. कुणीतरी तिथं सारवलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा. बायकांचं सारवण असं नसतं हो, मामंजी. बाईचा हात फिरला की कमानीसारखी रेघ उठते, एकात एक. हे सगळं आडवंतिडवं, बोटं रुतवून केलेलं. उभ्या जन्मात कधी शेणाला हात न लावलेल्या पुरुषाचं. चुलीच्या तळाशी उदाचा वास अजून होता. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की वर्षभर अमावास्येला तुम्ही "वावरात जाऊन येतो" म्हणून कुठं जात होता.

सरांना मी कुणाचं नाव सांगितलं नाही. तडक गोठ्यात आले. तुम्ही वैरण टाकत होता. मी आवाज चढवूनच बोलले, ते मला आठवतंय. म्हणाले, "त्या चुलीत तुम्ही गोवरीचा निखारा ठेवून ऊद घालत होता की नाही? सरांनी उचललेल्या कोळशात तुमच्या गोवरीचा कोळसा मिसळलाय. मुंबईच्या यंत्रानं जुनं आणि कालचं एकत्र मोजलं. शिळ्या भाकरीत ताजी कुस्करली तर भाकरी कधीची ते कोण सांगणार? आणि कशासाठी केलंत हे?"

तुम्ही वैरण खाली ठेवलीत आणि दावणीवर बसलात. तुम्ही एवढं एका दमात बोललेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"लगीन हून तीनच वर्सं झाल्ती. हरभऱ्याच्या वावरात पांढर टाकायची म्हनून मी टेकाडाला गाडी लावली. कुदळ मारली अन् खळ्ळकन वाजलं. मडकं फुटलं. आत बारकी बारकी हाडं. लेकराची. मला कळलं, सूनबाई, न्हाई कळलं असं न्हाई. पन गाडी निम्मी भरल्याली, दिस मावळाय आल्याला. मी तसंच समदं मातीसंगट गाडीत टाकलं अन् वावरात पसरलं. त्याच पावसाळ्यात गोदी गेली. दीड वरसाची. ज्याचं लेकरू मी फेकलं, त्याच्या आईनं माझं न्हेलं. हे तुज्या सासूला ठावं न्हाई. अन् आता सर म्हनत्यात चारशे वर्सं. म्हंजी आपल्याच घरातलं पोर हुतं ते."

मी तुमच्या शेजारी दावणीवर बसले. सासऱ्याशेजारी असं बसत नाहीत, पण त्या दिवशी मला त्याचं भान नव्हतं. मग पुन्हा सगळं समजावलं. चारशे हा आकडा त्या लेकराचा नाही, तुमच्या गोवरीचा आहे. त्या घराचा एक जळका खांब जमिनीच्या आत आहे, त्यावर जुनी चोपलेली जमीन अजून शाबूत आहे, तिथं तुमचा हात पोहोचलेला नाही. त्याचा कोळसा सर पुन्हा पाठवणार आहेत. तो हजारो वर्षांचा निघेल. आपलं घराणं सोडा, नगर शहरही तेव्हा नव्हतं.

तुम्ही माझ्याकडं बघून हसलात. "तू माज्या समाधानाला बोलतीस."

"मी समाधानासाठी खोटं बोलणारी बाई आहे का?"

"न्हाईस. म्हनून तर लई गोड वाटलं." आणि मग थोड्या वेळानं विचारलंत, "समज, निगालं तीन हजार वरसांचं. तुज्या हिशेबानं तीन हजारात निम्मं बी विझत न्हाई. मग आईचा तळतळाट तरी कुटं विझला असंल?"

तीस-तीस मुलांच्या वर्गात माझं उत्तर कधी अडलं नाही, आणि गोठ्यात एका प्रश्नावर मी गप्प बसले. बैल तेवढे वैरण खात होते.

पुढचे काही महिने आपण नेहमीसारखे भांडत राहिलो, पण हा विषय तुम्ही टाळलात आणि मीही. टेकाडावर मात्र तुम्ही जायचं सोडलंत. सरांनी खांबाचा कोळसा काढला त्या दिवशी मी तुम्हाला चला म्हटलं, तर म्हणालात, "माजा हात वंगाळ हाय, मला लांबच ऱ्हाऊ दे." मी रागावले. हात वाईट नाही, तुम्ही फक्त शेण चुकीच्या जागी लावलंत, असं म्हणाले. तुम्हाला हसू आलं. ते हसू माझ्याकडं आहे, दुसऱ्या कुणाला ते मिळालेलं नाही.

मग परवाच्या पौर्णिमेनंतर तुम्ही ओट्यावर बसल्या बसल्या गेलात, आणि निकाल नंतर आला. मुंबईच्या यंत्रावर चिडून उपयोग नाही. ते आपल्या गतीनं मोजतं.

तर ऐका आता. खांबाचा कोळसा सव्वातीन हजार वर्षांचा आहे. शे-सव्वाशे इकडं किंवा तिकडं, त्यापेक्षा जास्त फरक नाही. सरांनी मला दोनदा सांगितलं आणि मी तिसऱ्यांदा विचारलं, कारण तुम्ही विचारलं असतंत. ते लेकरू आपल्या घराण्याचं नव्हतं, आपल्या गावाचं नव्हतं, आपल्या बोलीत ज्यांना कुणाला आपण हाक मारू शकतो अशा कुणाचंही नव्हतं. आणि तुमच्या कुदळीखाली फुटलं तेही त्याच वस्तीतलं. सर म्हणतात, टेकाडाच्या त्या कडेला अशी आणखी घरं आहेत, त्यांच्या जमिनीखाली अशीच मडकी आहेत. गावानं गाड्या भरल्या तेव्हा किती जणांनी फोडली असतील. त्या सगळ्यांची लेकरं गेली का? तुमच्याच वयाच्या, तुमच्याच बरोबर गाड्या भरणाऱ्या लोकांची नातवंडं माझ्या वर्गात बसतात आणि फळ्याकडं पाठ करून गप्पा मारतात.

आणि तळतळाटाचं. तेव्हा सुचलं नाही, आता सांगते. कोळशात जे असतं ते कुणी घातलेलं नसतं, ते आपोआप येतं आणि आपोआप विझतं. तळतळाट तसा नसतो. तो कुणीतरी करावा लागतो. त्या बाईनं तो केला, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आपल्याजवळ तिनं ठेवलेल्या वस्तू आहेत, तेवढाच पुरावा आहे. दोन मडकी आणि एक तोटीचं भांडं, एवढं लहान की मोठ्या माणसाच्या काही कामाचं नाही. मी सासरी येऊन एवढं शास्त्र शिकवलं, पण पुरावा आहे तेवढंच बोलायचं ही माझी सवय तुम्हाला माहीत आहे. त्या पुराव्यात राग कुठंच नाही.

हे सगळं मी काल सासूबाईंना, आपल्या आत्याबाईंना, सांगितलं. तुम्ही 'हिला सांगू नको' असं कधी म्हणाला नव्हतात, नुसतं 'तिला ठावं न्हाई' म्हणाला होता. मी त्या फटीतून आत शिरले, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. सर गेल्यावर आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या बोलतच नव्हत्या, हूं की चूं नाही. मी शेजारी बसून कुदळीपासून सगळं सांगितलं. फुटलेलं मडकं, गाडी, हरभऱ्याचं वावर, गोदी, अमावास्येचा ऊद, पहिला कोळसा, दुसरा कोळसा. त्या निखाऱ्यांकडं बघत होत्या. मडकी चुलीपासून हातभरावर होती हे सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली.

"चुलीपाशी?"

"हो. घरातच. जमिनीखाली."

"मीबी तेच म्हनत हुते," आत्याबाई म्हणाल्या. "गोदीला बांधावर नगा न्हेऊ, परसात ठिवा, माज्या नदरंम्होरं. पन माजं कोन ऐकतंय. त्या बाईचं ऐकलं तिच्या मानसांनी. तिनं जवळ ठिवलं लेकरू. जिला जवळ ठिवायला मिळालं ती कशाला कुनाचं न्हील?"

मग त्या निखारे वरखाली करायला लागल्या. मला वाटलं बोलणं संपलं. मी उठायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"गोदीला ताप हुता तरी मी तिला घिऊन नदीला धुनं धुवाय गेल्ते. घरी कोन धरनार तिला? सासूबाई नगं म्हनल्या हुत्या. ओल्या वाऱ्यात पोरगी दिसभर माज्याजवळ वाळूत बसली. चौथ्या दिशी गेली. मी कुनाला सांगितलं न्हाई. त्यांना तर न्हाईच. त्यांचा लई जीव हुता तिच्यावर, मला वाटायचं ह्यास्नी कळलं तर माजं त्वांड बघायचं न्हाईत."

मामंजी, मला माझं रडू आवरलं नाही. तुम्ही दोघं एका घरात, एका ताटलीतलं मीठ खात, एकाच लेकीसाठी वेगवेगळे गुन्हेगार होऊन बसलात. तुम्ही त्यांच्यापासून लपवलंत, त्यांनी तुमच्यापासून. दोघांनीही दुसऱ्याला जपण्यासाठी. एकानं तोंड उघडलं असतं तर दुसऱ्यानं तिथल्या तिथं सांगितलं असतं, काहीतरीच काय बोलताय. मी डोळे पुसले आणि त्यांना म्हणाले, "आत्याबाई, तेव्हा तापानं गावोगाव पोरं जायची. घरात झाकून ठेवलेली गेली आणि वाळूत बसलेली जगली. कोण जाणार ते कुणाच्या हातात नव्हतं. त्याला कारण नव्हतं. गोदी तापानं गेली."

त्यांनी विचारलं, "ह्यास्नी सांगितलं हुतंस हे?"

"किती वेळा. त्यांना नाही पटलं."

आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

"मला पटलं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या वाटचं बी मीच पटवून घेते. सांग त्यास्नी."

म्हणून सांगितलं.